चालण्यापुरती हलकी बॅग

४ जानेवारी, रविवार. सकाळी.
लेकीचा फोन. तिचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, इथलं घर बंद करून कायमचे थोरल्या मुलाकडे जायचं म्हणताहेत. मार्च संपला की निघणार. विहीणबाई गेल्यापासून इथे बोलायला माणूस नाही म्हणे. दर रविवारी बॅग खांद्याला लावून गोल्फच्या मैदानावर जातात, नऊच्या नऊ होल, म्हणजे खेळाचे नऊ टप्पे, एकटे चालतात, आणि गेले तसे गप्प घरी येतात. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते त्यांच्याबरोबर चाला हो. कुणी सोबत असलं तर राहतील."

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. नात्याला मी पक्का.

फक्त ते "नुसते चाला" डोक्यात घुसेना. मोकळे हात हलवत गेलो तर लोक मला त्यांची बॅग उचलणारा समजतील. व्याह्याने व्याह्याच्या बरोबरीने चालावं. तेव्हा ठरलं: स्वतःचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, आणि स्वतःची बॅग. आणि पायी चालायचं म्हणजे बॅग हलकी हवी. वजनातलं मला कुणी शिकवायला नको. उभा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला, तेही कुणाच्या हाताखाली न शिकता.

पुढच्या रविवारी मैदानावर. नक्की.

५ जानेवारी, सोमवार.
तयारीची सुरुवात स्वतःपासून. बाथरूममधल्या काट्यावर उभा राहिलो. काटा भलतंच सांगत होता. एवढं मी खातसुद्धा नाही. उलटा करून खालचा स्क्रू फिरवला. पुन्हा उभा राहिलो. अजून जरा फिरवला. आता बरोबर. वर कुणी नसताना काटा शून्याच्या बराच अलीकडे उभा राहतो, पण रिकाम्या काट्याशी आपल्याला काय करायचंय?

हिला सांगितलं, दहा किलो उतरले. ही म्हणाली, "कुठे उतरवलेत ते बघून ठेवा, कुणाचा तरी पाय लागेल."

८ जानेवारी, गुरुवार.
खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार तरतरीत, पण उतावळा. पहिलाच प्रश्न, "काका, आधी किती खेळलाय?" म्हटलं, सामान मनासारखं मिळालं की खेळणारच आहे. तो म्हणाला, नव्या माणसाला अर्धा सेट पुरतो, त्यातून पायी चालणार असाल तर जेवढे कमी क्लब तेवढं बरं. मला राग आला. अर्धा कप चहा घेतो मी, अर्धा सेट नाही.

एक लांबडा क्लब, ज्याला ड्रायव्हर म्हणतात तो, हातात घेऊन फिरवून पाहिला. दुकानात जागा कमी आहे. सवलतीची पाटी मुळातच नीट टांगलेली नव्हती.

काही न घेता आलो. पहिल्याच फेरीत घेणारा माणूस फसतो.

११ जानेवारी, रविवार.
गेलो नाही. सामान नाही तर जाऊन करू काय? व्याह्यांना फोन करून पुढचा रविवार पक्का केला. ते म्हणाले, "या हो. काही आणू नका, तुम्हीच या." माणूस भिडस्त. असं म्हणावंच लागतं.

१५ जानेवारी, गुरुवार.
क्लब घेतले. पूर्ण सेट. दांडे दोन प्रकारचे असतात, ग्राफाइटचे आणि स्टीलचे. दुकानदार ग्राफाइटच्या मागे लागला होता, हलके असतात म्हणून. मी त्याला शांतपणे समजावलं की क्लब जड हवा, म्हणजे चेंडू घाबरेल; बॅग हलकी हवी, म्हणजे मी घाबरणार नाही. त्याने लगेच बिल करायला घेतलं. पटलं असावं.

बॅग आज नाही. बॅग म्हणजे घाई करायची वस्तू नव्हे.

१८ जानेवारी, रविवार.
क्लब आहेत, बॅग नाही. काठ्यांची मोळी बांधून जाऊ की काय? व्याह्यांना पुढच्या रविवारचं कळवलं. ते म्हणाले, "बरं." एवढंच. पूर्वी हा माणूस फोनवर बोलायला लागला की कान गरम व्हायचा.

२२ जानेवारी, गुरुवार. दुपारी.
बॅग आली! राखाडी रंग. दोन खांद्यांवर दोन पट्टे, पाठीवरच्या दप्तरासारखे. जमिनीवर टेकवली की दोन बारीक पाय आपोआप बाहेर येतात आणि बॅग बगळ्यासारखी उभी राहते. दुकानदाराने शपथेवर सांगितलं की याहून हलकी त्याच्याकडे नाही. शपथेवर माझा विश्वास नाही, काट्यावर आहे. घरी येऊन रिकामी बॅग काट्यावर ठेवली.

काटा शून्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

असा माल मी आजवर पाहिला नव्हता. हिला हाक मारून दाखवलं. हिने काटा पाहिला, मग बॅग पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "छान आहे. तुम्हाला शोभते."

२५ जानेवारी, रविवार.
जायला निघालो होतो. आधी सराव म्हणून बॅग पाठीला लावून स्वयंपाकघर ते बाल्कनी चालून पाहिलं. दारात वळताना बॅगेचे पाय आपोआप बाहेर आले आणि चौकटीत अडकले. मी पुढे, बॅग मागे. हिने कोपर धरून सोडवलं. सोडवताना तिचे खांदे हलत होते.

दोष माझा नाही. बॅग गरजेपेक्षा जास्त हलकी आहे, म्हणून झोकांड्या खाते. तिला थोडं वजन द्यायला हवं. आठवडाभर त्यावर विचार.

२८ जानेवारी, बुधवार.
छत्री, टॉवेल आणि थर्मास ठेवला. काट्यावर पाहिलं तर अजून भरपूर वाव.

लेक येऊन गेली. विहीणबाईंच्या कुंड्या घेऊन आली होती. व्याह्यांनी वाटायला काढल्यात. मोगऱ्याची, तुळशीची, आणि एक काटेरी कसलीशी, जिला विहीणबाई फार जपायच्या. लेकीने कुंड्या बाल्कनीत ओळीने मांडल्या आणि उगाच त्यांची पानं पुसत बसली. जाताना म्हणाली, "बाबा, हा रविवार तरी?"

म्हटलं, हा काय, झालंच.

१ फेब्रुवारी, रविवार.
नवे बूट चावले. रस्त्याच्या कोपऱ्यावरून परत.

व्याह्यांना मीच फोन केला. ते म्हणाले, सामानाची बांधाबांध सुरू केलीय. मी म्हटलं, माझीही.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
घडीचं स्टूल मिळालं. बॅगेच्या बाजूच्या कप्प्याला छान बसतं. शिवाय जुने बूट (नवे चावले तर), औषधांचा डबा, टॉर्च, एक स्वेटर, दोन पाण्याच्या बाटल्या आणि छोटा पान्हा. पान्हा कशाला, असं ही म्हणाली. लागला म्हणजे कळेल.

सगळं भरून, क्लबांसकट, काट्यावर ठेवलं. खरं सांगतो, माझा माझ्याच निवडीवर जीव जडला. एवढं सामान, आणि वजन भाजीच्या पिशवीएवढं.

८ फेब्रुवारी, रविवार.
सर्दी. ही म्हणाली, "अहो, त्यांनी तुम्हाला चालायला बोलावलंय. तुम्ही महिनाभर निघायचीच तयारी करताय. ते निघूनसुद्धा जातील."

बायकांना पूर्वतयारीचं महत्त्व कळत नाही. तरी दिवसभर ते वाक्य कानात वाजत राहिलं. संध्याकाळी कुंड्यांना मीच पाणी घातलं.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी, पलंगावरून.
गेलो! सविस्तर लिहून ठेवतो, कारण ही जे सांगत फिरते आहे ते एकतर्फी आहे.

लेकीने गाडीतून सोडलं. व्याही फाटकाशी उभे होते. वाळलेत. त्यांची बॅग जुनी, रंग उडालेली, एक पाय मोडका, आत चार-पाच क्लब. मला वाईट वाटलं. माझी गाडीतून उतरवायला मी आणि लेक दोघं लागलो.

इथे एक शास्त्रीय गोष्ट लक्षात आली. मैदानावर बॅगेचं वजन वाढतं. दवामुळे असावं. घरी फुलासारखी असलेली बॅग पहिल्या होलच्या अर्ध्यावर सिमेंटच्या पोत्यासारखी झाली. पट्टे खांद्यात रुतले. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. व्याही मात्र विचारत होते, "अहो, चेहरा असा का झालाय?"

पहिला फटका मारला. चेंडू जागेवर राहिला, पण गवत चांगलंच लांब गेलं. दुसऱ्या फटक्यालाही गवतच. तिसऱ्याला चेंडूने मनावर घेतलं आणि झुडपात गेला. व्याही म्हणाले, "पहिल्या दिवशी झुडूप गाठणं सोपं नाही." मनमोकळा माणूस.

दुसऱ्या होलपाशी एक मोठं झाड आहे. तिथे पोचेपर्यंत माझे पाय माझे राहिले नव्हते. मी स्टूल काढून बसलो. स्टूल आणल्याचं सार्थक झालं. व्याह्यांनी माझी बॅग बाजूला सरकवायला हात घातला आणि तिथेच वाकून राहिले.

"यात काय दगड भरलेत?"

म्हटलं, सगळं मोजून घेतलंय. मग त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. छत्री. टॉर्च. "सकाळी आठ वाजता?" स्वेटर. बूट. "पायात आहेत ते कुणाचे?" औषधांचा डबा. पान्हा हातात घेतला आणि त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी. गवतावर बसले. मीही हसलो, कारण कुणी तरी सोबत हसायला हवं. नेमकं कशाला ते मला अजून कळलेलं नाही.

थर्मास सापडल्यावर मात्र ते थांबले. मी झाकणात चहा ओतून दिला. हातात धरून बसले, पिईनात. मग म्हणाले, "ती पण इथवरच यायची. दर रविवारी. थर्मास घेऊन. पुढे एक पाऊल टाकायची नाही. म्हणायची, तुम्ही जा बोंबलत नऊ होल, मी इथे आहे. मी सात होल चालून परत यायचो आणि ती इथे."

मग बोलत राहिले. विहीणबाई या झाडाखाली भाजी निवडत बसायच्या म्हणे. एकदा कुणाचा तरी चेंडू पिशवीत पडला तर तो घरी घेऊन गेल्या, परत दिला नाही. असलं बरंच. मागून येणारे लोक ओरडले, तेव्हा आम्ही हात करून त्यांना पुढे जायला सांगितलं. त्यांच्या मागचे आले, त्यांनाही. चहा संपला.

नऊपैकी दोन होल झाले. परत येताना मैदानावरची बॅटरीवर चालणारी गाडी मागवावी लागली, बॅगेसाठी. बॅगेला सोबत म्हणून मी बसलो. आजवर त्या गाडीला पाय न लावलेले व्याही माझ्या शेजारी बसले, आणि फाटकापर्यंत बोलतच होते.

एकूण पाहता माझ्या तयारीचा त्यांच्यावर चांगला परिणाम झाला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.
खांदा. पाठ. मांडी. जेवणही पलंगावर.

हिने नवा काटा आणलाय. बॅटरीवरचा, आकडे दाखवणारा. त्याच्या मते मी पूर्वी होतो तेवढाच आहे आणि बॅग म्हणजे जवळजवळ एक शाळकरी मूल. नवा काटा साफ बिघडलेला आहे. दुरुस्त करायला घेतला, पण स्क्रूड्रायव्हर जागेवर नाही. हिला विचारलं. हिला ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत हिला ऐकू आलं नाही असं कधी झालं नव्हतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.
व्याह्यांचा फोन. कान गरम झाला. फोन ठेवताना म्हणाले, रविवारी या, थर्मास आणि स्टूल तेवढं आणा, क्लब घरी ठेवा. दोन स्टुलं असतील तर बरं.

क्लब घरी! महिनाभर माणसाने निवड करायची ती कशासाठी? दिवसभर घुश्शात होतो. संध्याकाळी दुसरं स्टूल घेऊन आलो.

२१ फेब्रुवारी, शनिवार.
लेक सकाळीच आली आणि बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्या गाडीत घालून घेऊन गेली. सासऱ्यांना परत हव्यात म्हणे. "आता तिकडे नेऊन काय करणार," असं मी विचारलं तर ती म्हणाली, "तिकडे कुठे, बाबा. इथेच." आणि भर बाल्कनीत माझ्या गळ्यात पडली. तिचे हात मातीने भरलेले. सदरा धुवायला टाकावा लागला.

एकदा दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे कमाल आहे. मी तरी मागितली नसती.

मोगऱ्याला नुकतंच खत घातलं होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी, परत आल्यावर.
बॅग दाराआड उभी केलीय. हिने तिच्यात छत्र्या ठेवल्यात. मी हरकत घेतली नाही. एका अर्थी ती अजून वापरात आहे.

मैदानावर पोचलो तर फाटकावर नवा माणूस होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता. माझ्या एका हातात थर्मास, दुसऱ्या काखेत दोन स्टुलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "खेळायला की चालायला?"

मी व्यवस्थित उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात मागून व्याही आले, माझ्या काखेतलं एक स्टूल काढून घेतलं आणि त्याला म्हणाले, "बसायला."