खंड्या आणि आपण दोघं

टिटवाळा, शनिवार दुपार

प्रिय धोंडीबा,

पत्र बघून आधी घाबरशील, मग चिडशील. चिडून घे. फोन केला की तू दोनदा हं हं करतोस आणि बायकोच्या हातात देतोस, म्हणून लिहायला बसले. तुझ्या लेकीच्या, रुचिताच्या हळदीला मला विधवा म्हणून मांडवाबाहेर बसवलं, त्याला सहा वर्षं झाली. तुझ्या सासरच्यांचं मी मनावर घेतलं नसतं रे. तू सख्खा भाऊ, मान खाली घालून पानाला चुना लावत बसलास, ते अजून गिळवत नाही.

बरं, तब्येतीचं. दोन महिने उजव्या कुशीत दुखत होतं, खोकलाही होता. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून छातीत पाणी झालंय म्हटलं आणि ते सुईने काढायला कल्याणला पाठवलं. एकटीच गेले. सुई कुठे टोचायची ते बघायला आधी सोनोग्राफी करतात. तिथल्या दिपिका डॉक्टर अगदी पोरसवदा. बरगड्यांवर गार जेली लावून यंत्र फिरवता फिरवता एकदम थांबल्या, आणि आतल्या डॉक्टरांना सांगून आल्या, "सुई अजिबात लावू नका." मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. काळं गोल, आणि त्यात शहाळ्यातल्या मलईसारखा एक पापुद्रा हलत होता. जंताची गाठ. फुप्फुसाच्या कडेला, बरगड्यांना टेकलेली म्हणून दिसली. टोचली असती तर आत फुटून जिवावर बेतलं असतं.

त्यांनी विचारलं, लहानपणी घरी कुत्रं होतं का, मेंढ्या होत्या का. धोंड्या, किती वर्षांत मला कोणी लहानपणाचं काही विचारलं नव्हतं! मी सुटलेच. आप्पांच्या मेंढ्या, आपला खंड्या, मेंढी कापली की फोड आलेलं काळीज आप्पा त्याच्यापुढे टाकायचे, सगळं सांगितलं. बाहेर रांग खोळंबली. डॉक्टर म्हणाल्या, त्यातूनच हे जंत कुत्र्याच्या पोटात जातात, आणि त्याला कुरवाळलेल्या हातांनी जेवलं की अंडी आपल्या पोटात. गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते.

पुढच्या आठवड्यात ठाण्याला ऑपरेशन आहे. घरी येऊन कुलूप काढलं आणि बातमी कोणाला सांगू कळेना. शेवटी इस्त्रीवाल्याला सांगितली. फार एकटं वाटलं रे.

आता खरं लिहिते. डॉक्टरांनी शेवटी विचारलं होतं, "त्या कुत्र्याशी अजून कोण खेळायचं?" मी म्हटलं, "कोणी नाही. मी एकटीच." रागाने म्हटलं. खंड्याला कवटाळून झोपायचास तू, अर्धी भाकरी त्याला भरवून उरलेली स्वतः खायचास तू. आणि परवा रुचिता फोनवर म्हणाली, बाबांचा खोकला दिवाळीपासून जात नाही. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. काल परत कल्याणला जाऊन डॉक्टरांना सांगितलं, मी खोटं बोलले, मला धाकटा भाऊ आहे. मंगळवारी अकराला तिथे तुझं नाव लिहून आलेय; पत्र कुरिअरने पाठवतेय, सोमवारी हातात पडेल. मानपाड्याहून असं किती लांब आहे? कोणी पाणी झालंय म्हणालं तरी सोनोग्राफीआधी सुई लावू देऊ नकोस. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण छाती दाखवून जा. मी बाहेर बाकावर बसेन. बाहेर बसायची मला सवय आहे.

तुझीच,
रतनआक्का