रिंगणातली भाऊबीज

मु. मूल
दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. दामिनीले गोविंदामामाचा आशीर्वाद.

ऊर्जानगरच्या क्वार्टरात तू आन् माझी ताई बऱ्या असालच. इथी आम्ही बरे आहोत, तुझ्या मामीचा गुडघा सोडून. त्याची तब्येत काई बरी नाई.

कागदावरचं पत्र पाहून हसशील. दोन वर्षं तुले फोन लावून राह्यलो, तर एकदा वाजते आन् बंद होते. मले वाटे, तुमच्या पॉवर स्टेशनच्या चिमण्यायनं रेंज अडवली असंल. परवा मुखरू म्हणाला, "भाऊ, हे रेंज नाई. पोरीनं तुमाले ब्लॉक केलं आहे." मंग पोस्टात गेलो.

बातम्या सांगतो. लवकर येणारा हलका धान निघाला. मी दात बसवले. खालचे बसतात, वरचे बोलता बोलता बाहेर येतात. मुखरू कुस्ती कंपनीत अजून 'काळा बिबट' बनते. वय बावन्न, वरून दमा. मुखवट्यात श्वास कोंडला की डरकाळी आपोआप निघते, लोक खूश. मी तसाच रेफरी. बिबट मागून खुर्ची हाणते तेव्हा मी दुसरीकडं पाहाचं, अन् लोकायनं बोंब मारली की वळाचं. तू याच रिंगणात 'बिजली' म्हणून उतरत होतीस, तुले काय सांगाचं.

मी उगाच लांबवून राह्यलो.

तू गेल्यावर कंपनीत रिना नावाची पोरगी आली. चांगली लढते. ड्रेसचं माप घेतो म्हणून भूपेशसेठ तंबूत बोलावते आन् अंगाले हात लावते, असं तिनं दिवाळीच्या आधी साऱ्यायसमोर सांगितलं. "मी ठाण्यात जाईन," म्हणाली.

सेठ घाबरला. पण सेठ तो सेठच. मंडईच्या जत्रायचा हंगाम तोंडावर, त्यानं त्याचाच कार्यक्रम करून टाकला! ऑटोवर भोंगा लावून गावोगाव पुकारा: "दुपारी चार वाजता काळा बिबट विरुद्ध नागपूरचा पहाड! आन् त्यानंतर, मालक भूपेशसेठ यांची भव्य माफी!" ठरलं असं, का सेठनं रिंगणात रडाचं, रिनानं त्याले भाऊबीजेचं ओवाळाचं, आन् मी रेफरी म्हणून दोघायचे हात वर करून सामना बरोबरीत सोडवाचा. रिना हो म्हणे ना, नाई म्हणे ना. चार मोठी माणसं तिच्या मागं लागली होती, "मिटव बाई, मिटव."

मैदान खचाखच. सेठ डोळ्याले बाम लावून आला. बाम जास्त झाला, त्याले समोरचं दिसेना. तो खांबाकडं तोंड करून हात जोडून म्हणे, "बहीण, काही गैरसमज झाला असंल तर..." लोकायनं टाळ्या वाजवल्या. रिना ताट घेऊन उभी. मी तिचा हात धरला. थंडगार होता. धानोऱ्याले तू माझ्या हातचा पाण्याचा गिलास घेतला, तेव्हा तुझाही असाच होता.

माइक सेठच्या हातातून कसा घेतला, आठवत नाई. म्हणलो, "हा सामना बरोबरीत नाई. हा माणूस असं करते, मी पाहिलं आहे." तेवढ्यात वरचे दात बाहेर आले. ते खिशात टाकले आन् पुढं बोललो. दोन वर्षाआधी धानोऱ्याले तंबूच्या फटीतून काय पाहिलं, ते सांगितलं. तुझं नाव घेतलं नाई. 'एक पोरगी' म्हणलो.

बाई, लोक शिट्या मारू लागले! त्यायले वाटलं हाही खेळच. मी ओरडलो, "हे खरं आहे!" तसा एक जण म्हणे, "वा रे बुढ्या! काय ॲक्टिंग!" मुखरू मुखवट्यातून कानात विचारते, "भाऊ, हे कधी ठरलं? मी केव्हा मारू?" सेठनंही संधी साधली, "हे सारं स्टोरीत आहे," म्हणून हात हलवू लागला.

शेवटी पुढं बसलेली बांगड्यावाली इंदिराबाई उठली. "चूप बसा रे मेल्याहो! दात खिशात टाकून कोणी नाटक करते काय?"

शिट्या थांबल्या. रिनानं ताट खाली ठेवलं. मोठ्यानं म्हणाली, "मी याले ओवाळणार नाई. मी ठाण्यात चालली." मुखरूनं मुखवटा काढला आन् तिच्यासाठी दोर वर धरला. सेठ बामाचे डोळे चोळत तिथीच राह्यला.

ठाण्याकडं जाताना टेम्पोत मले वाटलं, रिना आता दोन चांगले शब्द बोलंल. खोटं काऊन सांगू, मी वाट पाहून राह्यलो होतो. ती म्हणाली, "भाऊ, तुमी दोन वर्षाआधी बोलले असते, तर मी या कंपनीत आलीच नसती."

टेम्पो थांबला, आन् ती आधी उतरली.

ठाण्यातल्या मॅडमनं तिची तक्रार घेतली, मंग माझा जबाब. मी तेच सांगितलं: त्यानं पोरीले खांबाशी दाबलं, तिनं हाताले चावा घेतला, बाही फाटली, ती सुटली. मी पाच हातावर उभा होतो. मॅडमनं विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

रिंगणात हे कोणी विचारलं नव्हतं.

म्हणलो, "घंटी वाजवली. कुस्ती सुरू केली." आन् नंतर पोरीच्या तक्रारीवर पंचायची बैठक बसली, त्यायनं विचारलं तेव्हा "मी तिथी नव्हतो" म्हणालो, तेही सांगितलं. तुले बैठकीत खोटी म्हणले, तेव्हा मी चहा वाटत होतो. मॅडमनं पेन थांबवला. "असंच लिहू?" "असंच लिहा."

सेठवर गुन्हा दाखल झाला. कंपनी सध्या बंद आहे. मी धान बांधाले जातो, कंबर धरली आहे, ते जाऊ दे.

मॅडमनं त्या पोरीचं नाव विचारलं. म्हणलो, तिले विचारल्याशिवाय सांगणार नाई. हे पत्र त्यासाठीच आहे. दोन पानं कायले लागली, तुले समजलं असंल. तू हो म्हण, नाई म्हण, उत्तरच नको देऊ, तुझी मर्जी. या खेपी तुझ्या वतीनं मी ठरवणार नाई. माफीही मागत नाई. मागितली की तुले काहीतरी म्हणावं लागते.

ताईले नमस्कार सांग. तिले हे पत्र वाचून दाखवाचं का नाई, तेही तूच पाहा. खाली 'तुझा मामा' लिहाले हात धजत नाई.

ज्यानं पाहिलं होतं, तो
गोविंदा