समासातलं वचन

४ मार्च
आले एकदाची! पवित्र शास्त्राच्या नव्या भाषांतराच्या कचेरीत तपासनीस म्हणून रुजू झाले. टेबल खिडकीपाशी, खुर्ची मात्र एका पायाने लंगडी. तिच्याखाली पुठ्ठा सरकवून मी संसार मांडला. इथली पद्धत गमतीची आहे. भाषांतर झालं की वाचनकाका ते मोठ्याने वाचतात, बाकीचे डोळे मिटून ऐकतात. कुणाच्या कानाला खटकलं नाही तरच मजकूर मंजूर. प्रमुख आहेत चर्चचे निवृत्त पाळकसाहेब. माणूस मऊ, पण जुन्या भाषांतराला बोट लावलं की भडकतात.

ताई माझ्याकडेच आहे. नवऱ्याने तिचा हात मोडलाय. प्लास्टर निघालं की परत जाणार म्हणते, कारण शास्त्रात तसं वचन आहे: मार खाऊनही बायकोने घर सोडू नये. तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

९ मार्च
सापडलं! सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ते वचन नाहीच. नंतरच्या एका प्रतीत पानाच्या कडेला, समासात आहे, वेगळ्या शाईत. कुणा प्रत उतरवणाऱ्याने आपलं मत खरडलं आणि पुढच्याने ते उचलून मजकुरात बसवलं. पाळकसाहेब म्हणाले, ज्या देवाने शब्द दिले तोच ते राखतो, आपल्या जुन्या भाषांतरकारांचा हातही त्यानेच धरला होता. मी विचारलं, मग आधीच्या प्रती राखताना त्याचा डोळा लागला होता का? ते लालबुंद झाले. पण वचन वगळून वाचायला परवानगी दिली.

ताईला सांगितलं. त्या वचनाशिवाय छापलेलं पान हातात दे, मग नाही जाणार, म्हणाली.

१३ मार्च
आज वाचन झालं. काकांनी ते वचन वाचलं. कागदावर नसलेलं! जन्मभराचं पाठांतर, म्हणून मी हसले. पुन्हा वाचायला लावलं, शब्दाशब्दावर बोट ठेवून. पुन्हा तेच. आपण ते बोललोच नाही म्हणाले काका, आणि घाम पुसत बसले. बाकी कुणाला काहीच खटकलं नव्हतं.

१४ मार्च
मी स्वतः वाचलं. हे वचन मी कधीच पाठ केलं नाही, त्यापायी लहानपणी छड्या खाल्ल्यात. तरी माझ्याच तोंडून— अख्खं, खणखणीत. जीभ चावली. रक्त आलं, शब्द थांबले नाहीत.

पाळकसाहेबांनी हात जोडले. राखलं जातं ते असं, म्हणाले. राखणारा कुणीतरी आहे हे मला पटलं. तो देव आहे हे मरेपर्यंत पटणार नाही.

१६ मार्च
छापील नमुना आला. वचन जागच्या जागी. कात्रीने कापून काढलं— भोकातून खालचं पान दिसलं. त्यावरही तेच.

ताईने पाहिलं. प्लास्टर कधी निघणार, एवढंच विचारलं.

१७ मार्च
प्लास्टर निघालं. ताई पिशवी भरतेय.

थांब म्हणायला तोंड उघडलं, आणि वचनच बाहेर पडलं. तिने मान डोलावली. माझ्या तोंडून ऐकून—

आता तोंड उघडणार नाही. दाराला पाठ लावून उभी आहे. बोलता येत नाही म्हणून इथे लिहून तिला दाखवतेय. ताई, वाच. ते मी बोलले नाही. देव माझाही आहे, तो असलं बोलत नाही. तू इथेच राहायचंस.

वाचतेय. रडतेय. पिशवी खाली ठेवली—

कडी वाजली. माझाच उजवा हात कडी काढतोय. काढू देणार नाही. डाव्या हाताने लिहि—