तपकिरी पर्स कुणाच्या खांद्यावर

दिवाळे, बेलापूर
फेब्रुवारी १९८७

प्रिय काशी,

तुझं पत्र आणि सोबतचा फोटो पोचला. पत्र एकदाच वाचलं, फोटो मात्र रोज बघते. तू छान दिसतेस, जरा भरलीसही. तुझ्या शेजारी उभी आहे ती स्मिता, हे तू फोटोमागे लिहिलं नसतंस तरी मला कळलं असतं. नाशिकला बदली होऊन गेल्यापासून तुझ्या पत्रांत तिच्याशिवाय दुसरं कोणी माणूसच नसतं. स्मिता असं म्हणाली, स्मिताने तसं केलं, स्मिताकडे रविवारी मिसळ खाल्ली. खा बाई, मी काही म्हणत नाही. पण तिच्या खांद्यावर जी तपकिरी पर्स लटकते आहे ती आपली आहे, आणि ती बघून माझा जो जळफळाट झाला तो अजून शमलेला नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे शब्द तिरके आले तर तुला कारण शोधत बसायला नको.

आणि नेसली आहे काय, तर शेवाळी साडी! शेवाळीवर तपकिरी? तिला कोणी सांगितलं नाही, तर निदान तू तरी सांगायचंस. एवढी वर्षं माझ्याबरोबर राहून तू हेच शिकलीस का? पायात काळी चप्पल, खांद्याला तपकिरी पर्स. पर्सचा मेळ आधी चपलेशी बघायचा, साडीशी नंतर, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल. आणि तुझ्या हातात ती जी निळी पेटीसारखी पर्स आहे, स्मिताने तुला वाढदिवसाला दिलेली, तिच्याबद्दल तर मी न बोललेलंच बरं. तुझ्यासारख्या बुटक्या बाईने पेटी घेऊ नये. तू पर्स घेऊन निघाली आहेस की पर्स तुला घेऊन निघाली आहे, तेच समजत नाही. रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल.

आता कामाचं. माझी रजा संपत आली. दोन तारखेला ऑफिसात हजर व्हायचं आहे. त्या दिवशी बदामी साडी नेसायची हे नक्की केलं आहे, ती खळीची सुती, ताठ राहते आणि अंगाला चिकटत नाही. पण तिच्यावर घ्यायला पर्स नाही. माझ्याकडे राहिली काळी आणि मरून. काळी बदामीवर फार कडक दिसते, मरूनचा पट्टा आखूड. बदामीवर तपकिरीच हवी, हे तुलाही ठाऊक आहे. तेव्हा ती पर्स मला हवी आहे, आणि पोस्टाने नको. ती घेऊन तू स्वतः यावंस, अशी माझी इच्छा आहे. दोन दिवसांची रजा टाक आणि ये. का, ते शेवटी सांगते. आधी माझं मन मोकळं होऊ दे.

तुला आपला पहिला दिवस आठवतो का ग? आमचं शेत नव्या शहरात गेलं आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. हिरामणला होडी सोडायची नव्हती, म्हणून भावाच्या वाट्याची नोकरी माझ्याकडे आली. आयची बाजाराची नायलॉनची पिशवी तीन पाण्यांनी धुऊन, तीच घेऊन मी ऑफिसात आले. तू रबाळ्याहून आलीस ती तुझ्या वडिलांच्या कारखान्याचं नाव छापलेली कापडी पिशवी घेऊन. बाकीच्या मुली खांद्याला पर्स लावून, आणि आपण दोघी पिशव्या टेबलाखाली पायाने ढकलत होतो. तुझा पाय माझ्या पिशवीला लागला, तू वाकून बघितलंस, मी तुझ्या पिशवीकडे बघितलं, आणि हजेरीच्या वहीवर सही करायच्या आधी आपण फिदीफिदी हसत सुटलो. हेडक्लार्क कमळाकर चष्म्यावरून बघत राहिले होते.

त्यांचंच बघ ना. चॉकलेटी सफारी आणि हातात लालभडक रेक्झिनची ब्रीफकेस, आत डबा आणि वर्तमानपत्र. गृहस्थ चालत आले की लांबून ब्रीफकेसच आधी दिसायची. मी त्यांना शेवटी धीर करून सांगितलं की साहेब, काळी घ्या, तुमच्या सगळ्या सफारींवर जाईल. पुढच्या पगाराला त्यांनी काळी घेतली आणि तेव्हापासून माझ्या रजेच्या अर्जावर कधी शेरा मारला नाही. ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या बॅगा मी ठरवून दिल्या आहेत, काशी. आणि तू, माझी पहिली शिष्या, नाशिकला जाऊन पेटी घेऊन फिरतेस.

आपला कारभार दुसऱ्या कुठल्या ऑफिसात चालला असेल असं मला वाटत नाही. एकेकटीला चार पर्स घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून दोघींत मिळून चार. काळी, मरून, मोतिया आणि तपकिरी. संध्याकाळी निघताना विचारायचं, उद्या काय नेसणार, आणि त्याप्रमाणे सकाळी बायकांच्या खोलीत डबा, पास, कंगवा, रुमाल या पर्समधून त्या पर्समध्ये. एकदा घाईत डबे तसेच राहिले आणि तू दुपारी माझी कोलंबी खाल्लीस, मी तुझी अंबाडीची भाजी खाल्ली, आणि दोघींनी उगाच तोंडं वाकडी केली. आय म्हणायची, ‘आगो, एका मानसाला पिशव्या किती लागतान? तुमा दोगींना देवानं खांदा येकच दिलाय काय?’ मी म्हणायचे, हो, एकच दिलाय. आता आय तो प्रश्न विचारत नाही.

तपकिरीची गोष्ट तर स्मिताला सांगितली असशीलच. की नाही सांगितलीस? नसशील तर सांगू नकोस, तेवढी तरी आपल्या दोघींत राहू दे. वाशीला धर्मराजच्या दुकानात आपण किती वेळ घालवला होता! तो बिचारा फळीवरच्या सगळ्या पर्स खाली काढून दमला आणि शेवटी म्हणाला, ‘ताई, तुमी घेऊ नका, पन माझी पोरं घरी वाट बघतायत.’ खऱ्या चामड्याची, मऊ, रुंद, लांब पट्ट्याची. आपली सर्वांत महाग. एवढी भारी वस्तू उंदरांनी कुरतडू नये, म्हणून मी ती रात्रभर माळ्यावर ठेवली, आणि माळ्यावर होते आयचे सुके बोंबील. आमच्याकडे जपून ठेवायची प्रत्येक वस्तू माळ्यावरच जाते, लग्नाचा शालूसुद्धा. नाकाला सवय झालेली, त्यामुळे मला वास कळला नाही. सकाळी तू पर्स उघडलीस आणि तुझा चेहरा जो झाला तो मी अजून विसरले नाही. पण तू कुणाला काही बोलली नाहीस. घरी नेऊन आत कागद कोंबून उन्हात ठेवलीस, संत्र्याच्या साली काय, चहाची पावडर काय, सगळं करून बघितलंस. वास पूर्ण कधी गेलाच नाही. मग ठरलं की ही रबाळ्यालाच राहील, दिवाळ्यात तिला परत यायची बंदी. म्हणून तर बदलीच्या वेळी वाटणी झाली तेव्हा ती तुझ्याकडे गेली. ती काही तुला दिलेली नव्हती. तुझ्याकडे राहायला होती.

स्मिता पर्स उघडते तेव्हा तिला बोंबलांचा वास येतो का? येत असेल तर मला फार आनंद होईल. आणि येऊनही ती तुझ्यासारखी गप्प राहत असेल, तर मात्र मला अजिबात आवडणार नाही.

तुझी ती जांभळी साडी बसच्या खिळ्याला अडकून कमरेपाशी फाटली होती, तो दिवस आठव. साहेबांसमोर फाइल घेऊन जायचं होतं आणि तू रडायला लागली होतीस. मी तपकिरीचा पट्टा एका भोकाने वर घेतला, पर्स बरोबर फाटल्या जागी आणली आणि म्हटलं, लोकांची नजर जिथे जायला नको तिथे चांगली वस्तू ठेव, मग तिच्यामागचं कुणी बघत नाही. तू म्हणालीस, ‘सगुणे, समोर उभी राहून बघ ना.’ मी पुढून बघितलं, मागून बघितलं, चालायला लावून बघितलं. दिसत नाही म्हटलं, तेव्हा कुठे तू गेलीस. तेव्हापासून आपली ती रीतच झाली. काही डाग असो, दोरा निघालेला असो, पाळीचे दिवस असोत, एकीने उभं राहायचं आणि दुसरीने बघून सांगायचं. मी तुला कधी खोटं सांगितलं नाही आणि तूही मला नाही. नाशिकला हे काम आता स्मिता करते का? फोटो बघताना माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला, साडीचा नंतर.

मी तुला दिवाळीनंतर लिहिलं होतं की एक किरकोळ ऑपरेशन आहे, काळजी करू नकोस. तुझं उत्तर आलं चार पानांचं. त्यात तुम्ही दोघी त्र्यंबकला गेलात ते, स्मिताच्या भावाचं लग्न, तिने शिकवलेली कोथिंबीर वडी, आणि शेवटी कडेला, पान संपत आल्यावर, आडवं लिहिलेलं, ‘तुझ्या ऑपरेशनचं काय झालं? तब्येतीला जप.’ तुझी चूक नाही, किरकोळ असं मीच लिहिलं होतं. पण त्या कडेच्या ओळीने मला जे लागलं ते टाक्यांनी लागलं नव्हतं. खरं काय ते लिहायला मी दोनदा कागद घेतला आणि दोन्ही वेळा वाटलं, ही वाचेल आणि स्मिताला वाचून दाखवेल. माझ्या अंगाची गोष्ट त्या बाईने ऐकावी हे मला सहन होईना. मत्सर म्हण, काय वाटेल ते म्हण. आहेच मत्सर. तिला रोज सकाळी तू दिसतेस, आणि मला आरसा.

ते ऑपरेशन किरकोळ नव्हतं, काशी. डाव्या बाजूला गाठ होती आणि ती वाईट निघाली. डॉक्टरांनी डावी छाती पूर्ण काढली. आता गाठ राहिलेली नाही असं ते म्हणतात, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. डाव्या खांद्याला वजन लावायचं नाही, ते कायमचंच. दोन तारखेला मी पुन्हा त्या दारातून आत जाणार, कमळाकर चष्म्यावरून बघणार, सगळ्या मुली विचारपूस करायला टेबलाशी येणार आणि प्रत्येकीची नजर एकाच जागी जाणार. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बघितला, काळी पर्स उजव्या खांद्याला लावून बघितली, काहीच जमत नाही. तपकिरीचा पट्टा लांब आहे. उजव्या खांद्यावरून आडवा घेतला आणि चार भोकं वर ओढला, तर ती डाव्या बाजूला बरोबर वर येईल, बदामीवर उठूनही दिसेल. असं मला वाटतं. पण वाटून काय उपयोग? कुणीतरी समोर उभं राहून बघायला हवं. आयला विचारलं तर ती डोळ्यांना पदर लावते, आणि हिरामणला मी काय विचारणार? म्हणून पर्स पोस्टाने नको म्हटलं. तू ये, माझ्यासमोर उभी राहा, मला चालायला लाव, पुढून बघ, बाजूने बघ आणि सांग, दिसत नाही. दिसत असेल तर तेही सांग, मी तशीच जाईन, पण तुझ्या तोंडून ऐकून जाईन. स्मिता चांगली असेल, तू तिला जीव लावला आहेस म्हणजे असणारच. कधीतरी तिला घेऊन ये, मी स्वतः पापलेट तळून वाढीन. या वेळी मात्र एकटीच ये.

तुझीच, तुझ्या लेखी अजून असेन तर,
सगुणा