साठ चौकोनांची जागा

प्रिय काका,

तुमच्या तेराव्याला मी जे वाचून दाखवलं, त्यात एक वाक्य चूक होतं. मी लिहिलं होतं, "काकांना मोठ्या शहराचा तिटकारा होता. मी पाच वर्षं पुण्यात राहतेय, पण ते एकदाही माझ्या घरी आले नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर त्या कागदाचा फोटो नात्यातल्या ग्रुपवरही गेला. आता जो तो म्हणतो, म्हातारा हट्टी होता, पुतणीच्या दारात पाऊल टाकलं नाही.

तुम्ही आला होतात.

हे मला मंगळवारी दुपारी कळलं. आज गुरुवार. दोन दिवस मी काकूशीही धड बोललेले नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगायचं धाडस होत नाही, म्हणून हे पत्र.

मंगळवारी इथे सोलापूरच्या घरी चादरींच्या एका कारखान्यातून माणूस आला होता. तुम्ही काढलेली मोराची जुनी नक्षी त्यांना हवी होती. मी आणि काकूने तुमच्या कागदांच्या सगळ्या सुरळ्या बाहेरच्या खोलीत पसरल्या. ते कागद पाहिले आणि मी पुन्हा पाच वर्षांची झाले. दम्यामुळे मला दोन वर्षं शाळेत पाठवलं नव्हतं, आठवतं? तेव्हा तुम्हीच माझी शाळा. तुम्ही टेबलावर चादरीची नक्षी काढत बसायचात आणि मी खाली उरलेल्या ग्राफ पेपरवर अक्षरं भरायची. माझा 'क' आठ चौकोन रुंद होता. एखादा चौकोन जास्त भरला की तुम्ही रागवायचा नाहीत. फक्त म्हणायचात, "मने, ह्याच्यावरनं मागाच्या पुठ्ठ्याला भोकं पडणार, आन् त्या भोकांवरनं चादर विणणार. हितं एक चौकोन चुकला, तर एका चादरीवर न्हाय चुकत. निघंल त्या हरेक चादरीवर चुकतंय."

मी अशी घाबरट का झाले, याचं उत्तर बहुधा त्या वाक्यात आहे. लॅबमध्ये रक्ताच्या नळीवरचं नाव मी तीन-तीनदा वाचते. सगळे हसतात.

आणि तुमची दुसरी सवय. नक्षीत काही शंका आली की तिथे पेन्सिलीने गोल करायचा आणि बाजूला लिहायचं, 'विचारायचं'. कारखान्याच्या मालकाला विचारून झाल्याशिवाय त्या कागदावरून एकही भोक पाडू द्यायचा नाही. कागद न्यायला आलेला माणूस दारात ताटकळला तरी नाही.

मोराची नक्षी सापडली. तिच्या आत गुंडाळलेला दुसरा कागद खाली पडला.

काकू म्हणाली, "हे कुठल्या चादरीचं गं? फूल न्हाय, पान न्हाय."

मी तो उलगडून पाहिला. चादर नव्हतीच. एक खोली होती. कोपऱ्यात तुमच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एक चौकोन म्हणजे अर्धा फूट'. एका भिंतीला फ्रिज. फ्रिजला अडून पुरतं न उघडणारं दार. ते जिथे अडतं तिथे तुम्ही रेघ तोडली होती. दारामागे चपलांचं कपाट. आणि कपाटाला चिकटून एक पलंग, बारा चौकोन लांब, पाच रुंद. तेवढाच भाग लाल पेन्सिलीने भरलेला. साठ चौकोन.

माझा पलंग, काका. मी पुण्यात जिथे झोपते, तो हॉलमधला कोपरा. भिंतीतला खिळासुद्धा तुम्ही टिंब देऊन दाखवला होता. त्यावर माझी पिशवी असते.

हे कुणाच्या सांगण्यावरून काढता येणार नाही. कारण कुणाला मी हे सांगितलंच नव्हतं. तुम्हाला तर वेगळंच सांगितलं होतं. "खिडकी आहे, खिडकीशी टेबल आहे, सकाळी ऊन येतं." तुम्ही विचारलं होतं, "कुठल्या दिशेला?" मी म्हटलं, "पूर्वेला." ती खिडकी खोटी नव्हती. टेबलही नव्हतं खोटं. ते अमृताच्या खोलीत होतं. अमृता म्हणजे त्या फ्लॅटमधली आतली खोली घेतलेली मुलगी. तिचं भाडं माझ्या दीडपट. हॉल मला परवडत होता, आणि तोही अर्ध्याहून जास्त पगार देऊन.

मी काकूला विचारलं, "काका पुण्याला कधी गेले होते?"

"पुण्याला? कधीच न्हाय." मग तिला आठवलं. "गणपतीच्या आधी एकदा मोहोळला गेलते. दोस्त आजारी हाय म्हणाले. सकाळच्या गाडीनं गेले ते रात्री धा वाजून गेल्यावर आले. मी म्हटलं, मोहोळ काय विलायतेत हाय व्हय?"

"मग?"

"मग काय. म्हणाले, दोस्त बरा न्हाय. आन् जेवले न्हाईत."

मी लगेच अमृताला फोन लावला. गणपतीच्या आधी आपल्याकडे कुणी वयस्कर माणूस आला होता का? ती म्हणाली, "कोण? तो पडदेवाला?"

काका, आता हे वाचताना तुम्ही हसाल का? मी अजून हसू शकलेले नाही. माझ्या पलंगाभोवती पडदा लावून देतो असं घरमालक कित्येक महिने सांगत होता, माप घ्यायला माणूस पाठवतो म्हणत होता. अमृताने दार उघडलं तर समोर तुम्ही. खिशातून टेप डोकावत होता, तो तुमच्या खिशात कायमच असायचा. ती म्हणाली, "माप घ्यायला आलात का? या, इथेच आहे तो पलंग." तुम्ही काही बोलला नाहीत. आत आलात.

"अगं, फार नीट माणूस होता," अमृता सांगत होती. "चपला बाहेर काढल्या. पाणी प्यायला. सगळ्याच खोलीचं माप घेत बसला. मी म्हटलं, काका, पडदा फक्त पलंगाला हवाय. तर म्हणाला, अंदाज आलेला बरा."

"आणखी काय म्हणाले?"

"विचारलं, इथं कोण झोपतं. मी म्हटलं, मनीषा. मग विचारलं, उजेड कुठून येतो. मी म्हटलं, येत नाही, ट्यूब लावतो. मग गेला. का गं? पडदा घेऊन आला का शेवटी?"

मी फोन ठेवला. कारण मला आठवलं, त्या संध्याकाळी घरी गेल्यावर अमृताने मला सांगितलं होतं की पडदेवाला माप घेऊन गेला. मी खूश झाले होते. पुढे महिनाभर मी घरमालकाला फोन करत होते की माप घेऊन गेलेला तुमचा माणूस फिरकलाच नाही. तो म्हणे, मी कुणाला पाठवलंच नाही. मी त्याला खोटारडा म्हटलं. आता त्याचीही माफी मागायची आहे.

आणि त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला होता. मागे रेल्वेचा आवाज होता. तुम्ही म्हणालात, "मोहोळहून येतोय." मग नेहमीसारखं, "जेवलीस का?"

"हो, आत्ताच."

"टेबलाशी बसून?"

"टेबलाशीच की."

"बरं," तुम्ही म्हणालात. तेवढंच.

तुम्ही तो पलंग पाहून आला होतात. टेपने मोजून आला होतात. आणि मी पलंगावरच बसून, मांडीवर ताट घेऊन तुम्हाला सांगत होते की टेबलाशी बसले आहे. तुम्हाला तेव्हा कसं वाटलं असेल, काका? मला का नाही झापलंत? "मने, खोटं बोलतीस" एवढे तीन शब्द खर्चायला काय जात होतं तुमचं? आठ चौकोनांचा 'क' नऊ झाला तर खोडायला लावणारे तुम्ही, आणि एवढी मोठी चूक तशीच राहू दिलीत?

अमृताकडून निघाल्यावर तुम्ही कुठे गेलात? माझ्या लॅबच्या फाटकापर्यंत आलात का? मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी पुन्हा लिहिणार नाही.

फोन ठेवून मी पुन्हा तो कागद हातात घेतला तेव्हा काकूनेच दाखवलं. तिला नक्षी वाचता येत नाही, पण तुमच्या खुणा येतात. लाल चौकोनांभोवती पेन्सिलीचा फिकट गोल होता. बाजूला लिहिलं होतं, 'विचारायचं'. आणि खाली, 'दिवाळीत'.

दिवाळीच्या नऊ दिवस आधी तुम्ही नक्षीच्या त्याच टेबलावर मान टाकलीत.

म्हणून तुम्ही काही बोलला नव्हतात. विचारून झाल्याशिवाय भोक पाडायचं नाही. माझ्या बाबतीतही तुम्ही तोच नियम पाळलात. पण कापड थांबतं हो, काका. माणूस कुठे थांबतो? तुम्ही फोनवर विचारायला हवं होतं. आणि मी, तुम्ही न विचारता सांगायला हवं होतं.

काय विचारणार होतात? मी दोन दिवस तेच शोधते आहे. "परत येतीस का?" असं तुम्ही विचारलं नसतं. मी पहिल्यांदा निघाले तेव्हा काकू रडत होती आणि तुम्ही म्हणाला होतात, "जाऊ दे की. बघून येईल. न्हाय जमलं तर सांगंल." मला वाटतं, तुम्ही एवढंच विचारलं असतं की हे तुला पुरतं का, मने?

तर नीट उत्तर देते.

पुणं वाईट नाही. तिथे मी मोठ्या यंत्रांवर काम शिकले. तिथे मी कुठे चालले हे गल्लीतलं कुणी विचारत नाही, आणि त्याचं सुख तुम्हाला कळणार नाही. रविवारी मी आणि अमृता टेकडीवर जातो. पहिली दोन वर्षं मला तो पलंगही चालत होता, कारण वाटायचं, पुढच्या वर्षी खोली. पुढच्या वर्षी पगार थोडा वाढायचा आणि भाडं त्याच्या पुढे जायचं. खोली तेवढीच लांब राहायची. पाच वर्षांनी मी त्याच कपाटाशेजारी होते.

पण चपलांचा वास, ट्यूबचा उजेड, लॅबला जाऊन येऊन तीन तास, हे सगळं मी सोसत होते. मला झेपत नव्हती ती खिडकी. रोज संध्याकाळी ती तुम्हाला दाखवावी लागायची. एकदा ऊन सांगितलं की पुढे पावसात पाणी आत येतं हेही सांगावं लागायचं. जिथे राहते ते घरच्यांना सांगता येत नसेल, तर मी तिथे नेमकी कशासाठी राहत होते? नाही, काका. मला पुरत नाही.

हे उत्तर मी तुमच्या जाण्याच्या दुःखात देत नाहीये ना, ही भीती मला आहेच. म्हणून एक-एक गोष्ट पुन्हा तपासली. जुळे सोलापुरात एक लॅब आहे. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला दिवाळीआधीच विचारलं होतं आणि मी टाळलं होतं. पगार कमी आहे, यंत्रं जुनी आहेत. काल जाऊन पाहून आले. खिडकी आहे. पश्चिमेला आहे, दुपारी तापते. हे मी नीट पाहिलं, उभी राहून. पहिल्या तारखेपासून या म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं नाही. रविवारनंतर सांगते म्हटलं.

कारण रविवारी एजंट पुण्याच्या जागेचा करार पुढे वाढवायला कागद घेऊन येणार आहे. सही केली की पुढचे अकरा महिने पुन्हा तेच.

एवढं तुम्हाला लिहून झालं, तेव्हा मध्येच उठून शेवटी मी काकूला सगळं सांगितलं. पलंग, खिडकी, टेबल, पडदेवाला. तिने तो कागद जवळ ओढून लाल चौकोनांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझ्यासाठी येऊ नगंस हं. मला सोबत नको. मी एकटी खुशाल हाय. आन् आलीस तर भांडी तुझ्याकडं."

"माझ्यासाठीच येतेय," मी म्हटलं.

"मग ये की. रडतीस कशाला?" थोड्या वेळाने म्हणाली, "पर आदी मला घिऊन चल. ते बगून आले गपचूप. मला बी बगायचंय, पोर कुटं ऱ्हात होती."

काकू कधी सोलापूरबाहेर निघत नाही, तुम्हाला माहीत आहे. तिने आत्ताच कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधायला घेतली आहे. अमृताला द्यायची म्हणते, "माझ्या माणसाला पाणी पाजलं तिनं."

ग्रुपवर दुरुस्ती मी आज टाकणार आहे. स्पष्ट लिहिणार आहे की काका आले होते, त्यांनी चपला बाहेर काढल्या, आणि खोटं मी बोलले होते. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. चुकलेला चौकोन तसा ठेवून पुढचं विणायचं नाही.

आणि काका, तुम्हाला शब्द देते. 'विचारायचं' असं लिहून मी कुठलीच गोष्ट दिवाळीपर्यंत ठेवणार नाही. काकूला मी माझ्या हाताने ते अर्धवट उघडणारं दार उघडून देईन, पलंगावर बसवीन, आणि खिडकी कुणाच्या खोलीत आहे तेही दाखवीन. मग एजंट कागद पुढे करेल, तेव्हा सही न करता जागेची चावी त्याच्या हातात ठेवीन. येत्या रविवारी, सकाळी अकरा वाजता.

तुमची,
मनी