बोक्यावर पोपट

४ जानेवारी १९८५
हा बोका आला कुठून? चित्रकला शिक्षकांच्या प्रदर्शनासाठी स्वतःचंच चित्र काढतेय — आरशात बघून, चॉकलेटी साडीत. आज खांद्यामागची जागा रिकामी वाटली. ब्रश चालत गेला. बघते तर बोका! पिवळे डोळे, माझ्या मानेकडे लागलेले.

५ जानेवारी
शाळा सुटल्यावर सुलक्षणा घरी आली. तीही आमच्याच शाळेत चित्रकला शिकवते. चित्र जवळून निरखलं. मग — "वसू, स्वतःच्या चित्रात कुणी प्राणी बसवतं ना, तेव्हा आपण बोलत नाही ते तो बोलतो. हा काय बोलतोय?"
"काही नाही गं. जागा भरली."
पदर मनगटावर ओढला. तिने वळ बघितलेच. "दहिसरला माझं घर आहे. कधीही ये," एवढंच म्हणाली.

८ जानेवारी
नवऱ्याने चित्र पाहिलं. ओरडला नाही — तेच वाईट. शांतपणे जेवला. हात धुताना म्हणाला, "तो बोका म्हणजे मी ना?"
नाही म्हटलं. त्याचं ताट उचललं.

९ जानेवारी
बोक्यावर हिरवा पोपट चढवला. "हां, आता झकास," म्हणाला नंदकुमार.

१० जानेवारी
भटवाडीतल्या आमच्या चाळीत भिंतीपलीकडचं सगळं ऐकू जातं. कुणी येत नाही.

१२ जानेवारी
मिशा जाड रंगात काढल्या होत्या! हिरव्याखालून उठून दिसतात. सासूबाई चित्रासमोर थांबल्या — "पोपटाक मिशी कित्याक गो?"
तो बाजूलाच पेपर वाचत होता. पेपर खाली आला. मी स्वयंपाकघरात पळाले. कुकरच्या शिट्टीलाही दचकले.

१३ जानेवारी
त्याने रंग पुसायच्या टर्पेंटाइनचा बोळा घेतला. वाटलं, पोपट पुसणार. पोपटाला हातही लावला नाही. माझा चेहरा पुसला. सावकाश. डोळे, नाक, तोंड. मला समोर उभं करून बघायला लावलं. "आता बरोबर दिसतेस."
सासूबाई दारात होत्या. त्याला कधीच अडवत नाहीत.

१५ जानेवारी
दहिसर, सुलक्षणाकडे. तो ऑफिसला गेल्यावर पिशवी भरली. वळले तर सासूबाई! पिशवी पाठीमागे लपवली.
"ह्येचो बापूसय असोच होतो," म्हणाल्या. "मी ह्या घरात रवलंय. तू रवू नको."
मग आत गेल्या, आपली दोन लुगडी घेऊन आल्या, आणि माझ्या आधी जिना उतरल्या.