कलम पंचविसातला ‘सहसा’

डुलुथ,
शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०२३

प्रिय मारेन,

रविवारी तू फोन आपटलास असं मी म्हणणार नाही, कारण हल्लीचे फोन आपटता येत नाहीत. पण ‘आई, चौतीस टक्के पगारवाढ! चौतीस! आणि तू मला कलमं वाचून दाखवतेस?’ एवढं बोलून तू गेलीस आणि माझं वाक्य अर्धंच राहिलं. सदुसष्ट वर्षांच्या बाईला वाक्य पुरं करू द्यावं, एवढी शिस्त मी तुला लावली आहे असा माझा समज होता. पत्रात कुणाला मध्येच तोडता येत नाही. म्हणून हे पत्र.

युनियनने पाठवलेली ती चकचकीत पुस्तिका मीही पाहिली. पहिल्या पानावर तळहाताएवढा चौतीसचा आकडा. मग मी नव्या कराराचा अख्खा मसुदा मागवून घेतला आणि चारशे बारा पानं पेन्सिल हातात धरून वाचली. तुमच्यातल्या किती वैमानिकांनी वाचली? तूच म्हणालीस, ‘दर सगळ्यांना कळतो गं, नियम कोण वाचतंय?’ आणि हसलीस. मला हसू आलं नाही. दर तासाचा असतो, आणि तास कशाला म्हणायचं ते नियम ठरवतो. विमानाचा ब्रेक सुटला की घड्याळ सुरू, ब्रेक लागला की बंद. धुकं विरायची वाट बघत तू विमानतळावर तीन तास बसलीस, तर ते तुझ्या आयुष्यातले तास असतात, पगारातले नसतात. हे मी तुला, एकोणीस वर्षं विमान चालवणाऱ्या बाईला, समजावून सांगते आहे!

तुझीच गेल्या महिन्यातली फार्गोची फेरी घे. चार दिवस घराबाहेर होतीस, प्रत्यक्ष उड्डाण चौदा तासांचं. आजच्या करारात घराबाहेरच्या प्रत्येक दिवसाला निदान पाच तासांचे पैसे मिळतातच, म्हणजे वीस तासांचे. नव्या करारात ती हमी काढून टाकली आहे. पान दोनशे सत्त्याऐंशी, तळटीप, मुंगीच्या अक्षरात. आता मिळणार चौदा तासांचेच, चौतीस टक्के वाढवून. आजच्या दराने ते पावणेएकोणीस तासांचे होतात. म्हणजे वाढ मिळूनही हातात कमी. तुला गणितात चांगले गुण पडायचे. तळ्याकाठच्या घरासाठी कर्जाचा अर्ज मात्र तू त्या पुस्तिकेचं पहिलं पान बघून भरलास.

बरं, पैशांचं एकवेळ सोडून देऊ. मी खरी अडले ते कलम पंचविसाशी. तिथे लिहिलं आहे: ‘सुट्टीच्या दिवशी वैमानिकाला सहसा कामावर बोलावले जाणार नाही.’ ही ओळ जुनीच आहे, मी याच कंपनीत विमान चालवत होते तेव्हापासूनची, तुझी पाठ असेल. पण हा ‘सहसा’ आता वार्षिक रजेच्या कलमात आला आहे, आजारपणाच्या कलमात आला आहे, दोन उड्डाणांमधल्या विश्रांतीच्याही कलमात आला आहे. मी मोजले, नवे अकरा ‘सहसा’. एकेकाची किंमत काय ते तुला ठाऊक नाही. मला आहे.

तुझ्या सोळाव्या वाढदिवसाबद्दल आपण पंचवीस वर्षांत धड बोललेलो नाही. ‘तिला काय, तिला उडायचंच होतं,’ हे तू माझ्याबद्दल पाहुण्यांसमोर म्हणतेस, थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्की कापताना म्हणतेस, आणि मी सॉसचं भांडं पुढे सरकवते. त्या दिवशी क्लोकेच्या धावपट्टीवरून तू पहिल्यांदा एकटी विमान नेणार होतीस. खाली उतरल्यावर शिक्षक विद्यार्थ्याच्या सदऱ्याची पाठ कापून घेतो, अशी रीत. तुझ्या शिक्षकाने, लेस्टरने, ती कात्री मला द्यायचं कबूल केलं होतं. मी महिनाभर आधी सुट्टी लावून ठेवली होती.

सुट्टीच्या दिवशी घरचा फोन उचलायचा नाही, हे नोकरीला लागलेला नवखा माणूसही पहिल्या आठवड्यात शिकतो. सकाळी सातला फोन वाजला. तू न्हाणीघरात होतीस. मला वाटलं, वारा पडला का ते सांगायला लेस्टरचा असेल. उचलला. ‘कॅप्टन टॉलेफसन, सापडलात एकदाच्या!’ आमच्या ड्युट्या लावणारा वेन्डल. मिनियापोलिसला कॅप्टन आजारी पडलाय, दुपारचं विमान अडलंय. मी म्हटलं, ‘वेन्डल, आज माझी सुट्टी आहे. नियम वाच.’ तर म्हणाला, ‘वाचतोच आहे, मॅडम. “सहसा बोलावले जाणार नाही.” आता आजचा दिवस सहसामधला नाही, त्याला मी काय करू?’ टोमणा नव्हता तो. त्यालाही वाईटच वाटत होतं. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, आणि त्या वर्षी घरात पगार माझा एकटीचाच होता. तू खाली आलीस, माझ्या अंगावर गणवेश पाहिलास आणि दुधात कॉर्नफ्लेक्स ओतत राहिलीस.

मला हुकूम होता, मी हौसेने गेले नव्हते, एवढं एक वाक्य मी तुला कधीही सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण मी तुला ओळखते. तू लगेच विचारलं असतंस, असला नियम लिहिला तरी कुठल्या मूर्खाने?

मी लिहिला. त्याच्या दोन वर्षं आधी युनियनतर्फे वाटाघाटी करणाऱ्या समितीत आम्ही तिघं होतो. आधीची ओळ सरळ होती, सुट्टीच्या दिवशी बोलावले जाणार नाही, बस्स. कंपनीच्या वकिलाला एकच शब्द वाढवून हवा होता, बदल्यात पगाराचा दर दोन टक्क्यांनी जास्त. आमचा अध्यक्ष रॉय केस्लर म्हणाला, ‘व्हर्ना, तू साहित्याची पदवीधर. एका शब्दाने काय बिघडतं ते तूच सांग.’ मी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, काही बिघडत नाही. शब्दाची जागासुद्धा मीच सुचवली. मतदान झालं तेव्हा सभागृहात आमच्यासाठी लोक उभे राहिले होते. दोन टक्क्यांसाठी. मीही मान डोलावली.

आता हे सगळं आज का लिहिते ते सांगते. येत्या गुरुवारी ब्लूमिंग्टनला मतदानाआधीची शेवटची सभा आहे. तिथे निवृत्तांना तीन मिनिटं बोलू देतात, आणि मी नाव दिलं आहे. त्या तीन मिनिटांत मी सांगणार आहे की पहिला ‘सहसा’ घालणारी बाई मी, आणि आता तुम्ही आणखी अकरा घालून घेता आहात. काहीजण हुर्यो करतील, करू देत. पण अर्ध्या माना तुझ्याकडे वळतील, आणि चारशे लोकांबरोबर तू हे पहिल्यांदा ऐकावंस, हे मला चालणार नाही. मत तुझं आहे, मी त्यावर आणखी एक अक्षर बोलणार नाही. सभेला यायचं नसेल तर येऊ नकोस. आलीस, तर मी बोलत असताना खाली मान घालून बसू नकोस. मला समोर बघायला एक तरी ओळखीचा चेहरा लागेल.

तुझीच, रागावलेली असले तरी तुझीच,
आई